टूरवाल्याशिवाय सिंगापूर: आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सिंगापूरला येऊन मला नऊ वर्षं झाली. या काळात डोंबिवली, सांगली, पुणे, इंदूर असे कुठून कुठून पाहुणे आले आणि प्रत्येकाला मी व्हॉट्सॲपवर तेच ते लिहीत आले. शेवटी नवरा म्हणाला, एकदाच नीट लिहून ठेव आणि पाठवत जा. म्हणून हे. यात 'टॉप टेन' वगैरे काही नाही. पहिल्यांदा देशाबाहेर पडणारं कुटुंब, सोबत साठी-सत्तरीतले आई-बाबा, त्यातलं कुणीतरी शाकाहारी, आणि हातात चार-पाच दिवस, असं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. हे शहर टूरवाल्याच्या बसमधून बघण्यापेक्षा मेट्रोने आणि पायी बघितलं तर निम्म्या पैशात दुप्पट दिसतं, हे माझं ठाम मत आहे. फक्त काही गोष्टी घरून निघण्याआधीच कळलेल्या बऱ्या.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो पासपोर्टवर चिकटवून मिळत नाही, ऑनलाइन निघतो आणि त्याची प्रिंट काढून जवळ ठेवायची. आपण थेट अर्ज करू शकत नाही. मान्यताप्राप्त एजंटाकडून करावा लागतो, किंवा तुमचं कुणी इथलं नागरिक वा कायम रहिवासी असेल तर ते तुमच्यासाठी करू शकतात. सरकारी फी ३० डॉलर, त्यावर एजंट आपले पैसे लावतो. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. साधारण महिनाभर आधी अर्जाला लागा. (या लेखात डॉलर म्हणजे सिंगापूरचा डॉलर. हिशेबाला सोपं म्हणून ७० रुपये धरा.)

दुसरा कागद म्हणजे 'एसजी अरायव्हल कार्ड'. हे उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, प्रत्येकासाठी, लहान मुलांसाठीही. हे पूर्णपणे फुकट आहे. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही वेबसाइट यासाठी पैसे मागतात. माझ्या एका आतेभावाने चौघांचे मिळून आठ-नऊ हजार रुपये अशा साइटवर घालवले. इमिग्रेशन खात्याची म्हणजे 'आयसीए'ची साइट किंवा त्यांचं 'मायआयसीए' ॲप, एवढंच वापरा. पैसे मागितले की समजा चुकलात.

इमिग्रेशनला आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत. पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, दार उघडतं. शिक्का मारत नाहीत. बाबा लोकांना याचं फार वाईट वाटतं, आयुष्यात पहिला शिक्का बघायचा असतो. त्याऐवजी ईमेलवर एक पास येतो आणि त्यात कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल ते लिहिलेलं असतं. व्हिसाची मुदत आणि ही तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईमेल नक्की उघडून बघा.

बॅग भरताना

इथे जरा थांबा, कारण घरच्या मायेनेच सगळ्यात मोठा घोळ होऊ शकतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सासूबाई येणार होत्या. आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला डबे दाखवले. चिवडा, चकल्या, शंकरपाळे आणि मग मोठ्या कौतुकाने, "तुला आवडतात म्हणून अनारसे." अनारसे पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. अनारशावर खसखस असते, आणि खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात मोडते, कारण तिच्यात मॉर्फिनचे अंश असू शकतात. अमली पदार्थांच्या बाबतीत हा देश किती कडक आहे ते वेगळं सांगायला नको, इथे तस्करीला फाशी आहे. आता अनारशांवरून कुणी लगेच फासावर जाणार नाही, पण सत्तर वर्षांच्या बाईला कस्टमच्या खोलीत बसवून प्रश्न विचारावेत असंही कुणाला वाटत नाही. अनारसे डोंबिवलीतच राहिले. खसखस घातलेले लाडू, गोडा मसाला, काजूच्या रश्श्यासाठी बांधून दिलेलं वाटण, सगळं तपासून घ्या.

तसंच तंबाखूचं. मळून खायचा तंबाखू, गुटखा, खैनी यांवर बंदी आहे, खिशातली अर्धी पुडीसुद्धा चालत नाही. काकांना हे विमानात बसायच्या आधी नीट समजावा. सिगारेटला ड्युटी-फ्रीची सवलत नाही, एक सिगारेट असली तरी सांगून कर भरावा लागतो. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर आणूच नका. च्युइंग गमवर १९९२पासून आयातबंदी आहे. मांस-मटणाचे पदार्थ भारतातून आणता येत नाहीत, म्हणजे सुकं मटणही नाही.

औषधं घरच्या घरी मोजून आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्यांना कुणी काही म्हणत नाही. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, जोरदार वेदनाशामकं यांना मात्र आधी परवानगी लागू शकते. आणि विमानतळावर कुणी 'एवढं पाकीट माझ्या भावाला द्या हो' म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा, मग तो कितीही गावचा असो.

बाकी सामान थोडकं. सुती कपडे, ओले झाले तरी चालतील अशा सँडल्स, एक छत्री. इथला प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो, आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत, म्हणून ॲडॉप्टर हवा. आणि एक शाल किंवा पातळ जॅकेट. बाहेर ३२ अंश आणि मॉलमध्ये फ्रिज, असा दिवसातून दहा वेळा बदल होतो. आजारी पडतात ते उन्हाने नाही, या एसीने.

कुठे राहायचं

स्वस्त फ्लॅट भाड्याने मिळतोय असं ऑनलाइन दिसलं तर भुलू नका. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं इथे बेकायदा आहे. हॉटेलच घ्या. आणि बुकिंग करताना खोलीला खिडकी आहे का हे वाचा. स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आई-बाबांना चार दिवस पेटीत ठेवल्यासारखं होतं.

भाग म्हणाल तर लिटल इंडिया, फॅरर पार्क, बुगिस. मरिना बेच्या आसपास राहायची काही गरज नाही. लिटल इंडियात रविवारी संध्याकाळी खूप गर्दी असते, कारण बांधकामावर राबणाऱ्या तमिळ आणि बांगलादेशी कामगारांची ती सुट्टी. रस्त्यावर माणूस मावत नाही, पण भीती वाटावी असं काही नाही. आपल्याकडच्या बाजाराच्या दिवसासारखं वातावरण असतं.

उतरल्यावर

घड्याळ अडीच तास पुढे करा. चांगी विमानतळावर पैसे बदलायचे तर फक्त सुरुवातीच्या खर्चापुरते, शंभरेक डॉलर. बाकीचे शहरात, लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानाजवळच्या मनी चेंजरकडे भाव बरा मिळतो. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो. घरूनच ई-सिम घेऊन आलात तर ती एक रांग वाचते.

टॅक्सीची घाई करू नका, रात्री उशिरा उतरलात तरच करा. मध्यरात्रीनंतर मीटरवर ५० टक्के जादा लागतात, विमानतळाचा अधिभार वेगळा. एरवी मेट्रो आहे. लिटल इंडियात राहणाऱ्यांसाठी एक सोपी वाट: चांगीहून गाडीत बसायचं, पुढच्याच 'एक्स्पो' स्टेशनला उतरायचं आणि निळी डाउनटाउन लाइन पकडायची. ती थेट लिटल इंडियाला नेते. मॅपवर बहुतेकदा तनाह मेराहला बदलायचा मार्ग आधी दिसतो, पण तिथून लिटल इंडियासाठी पुन्हा बदलावं लागतं. सामान आणि म्हातारी माणसं असली की एक बदल कमी म्हणजे मोठी गोष्ट.

कार्ड टेकवा

मेट्रो आणि बसला एकच कार्ड चालतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. बसमधून उतरतानाही टेकवायचं, हे सगळे विसरतात. विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं.

तुमचं परदेशात चालणारं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं. मात्र परदेशी कार्डाला वापराच्या दर दिवशी ६० सेंट जादा लागतात, आणि आपली बँक चलन बदलायचे पैसे लावते ते वेगळे. शिवाय एका कार्डावर एकच माणूस. 'माझ्याच कार्डावर आईचंही टेकवतो' चालत नाही. म्हणून मी सांगते: कमावत्यांनी स्वतःचं कार्ड वापरावं आणि आई-बाबांना स्टेशनवरून ईझी-लिंक कार्ड काढून द्यावं. त्यांच्या हातात एक कार्ड असलं, ते त्यांनी स्वतः टेकवलं, दार उघडलं की त्यांची भीड चेपते. सासूबाई तिसऱ्या दिवशी एकट्या लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या.

एका फेरीला साधारण सव्वा ते अडीच डॉलर पडतात. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. गाडीत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा नियमात बसत नाही, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत. सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांची. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाण शोधावेत.

ॲपवरून गाडी मागवताना एक लक्षात असू द्या. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. मीटरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. लहान मूल बरोबर असेल तर ग्रॅब या ॲपमध्ये टॅक्सीचाच पर्याय निवडा, नाहीतर चालक आला तसा परत जातो आणि तुम्ही पावसात उभे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे.

पोटोबा

आता माझ्या आवडीचा विषय. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली पन्नास-शंभर गाळे, मध्ये टेबलं, वर गरगरणारे पंखे. पूर्वी हे लोक रस्त्यावर गाडे लावायचे, सरकारने त्यांना पाणी, वीज आणि छप्पर देऊन एका जागी आणलं. २०२०मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अब्जाधीश आणि सफाई कामगार एकाच टेबलाला खेटून जेवताना इथेच दिसतील. चार ते सात डॉलरमध्ये पोट भरतं.

रीत अशी. आधी जागा धरायची. टेबलावर टिश्यूचं पाकीट किंवा छत्री पडलेली दिसली तर ती कुणी विसरलेलं नाही, ती जागा धरलेली आहे. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या मंडळींना हे शिकवावं लागत नाही. मग गाळ्यावर जाऊन सांगायचं, पैसे द्यायचे, ताट स्वतः आणायचं. पेयांचा गाळा वेगळा. बऱ्याच ठिकाणी परदेशी कार्ड चालत नाही, म्हणून दोन, पाच आणि दहाच्या नोटा खिशात ठेवा. जेवण झालं की ताट उचलून ठेवायच्या रॅकवर न्यायचं. हे ऐच्छिक नाही, २०२१पासून न ठेवणाऱ्याला दंड आहे. रॅक दोन असतात, हलाल आणि बिगर-हलाल. ताट बघून ठेवा. गाळ्यावरच्या माणसांना 'अंकल', 'आंटी' म्हणायचं, वय काहीही असो. आपल्या 'काका', 'मावशी'सारखंच.

शाकाहारी लोकांनी इथे सावध राहावं. 'नो मीट' म्हटलं की मासे आणि कोळंबी चालतात असा समज असतो. लाल सांबल चटणीत बहुधा 'बेलाचान' म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. फळं आणि काकडी घातलेला रोजाक निष्पाप दिसतो, त्याच्या काळ्या सॉसमध्येही कोळंबी. लाक्सात, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्समध्ये, सुकी कोळंबी. पालेभाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. 'कॅरट केक' हा केक नाही आणि त्यात गाजरही नाही. ते मुळा आणि तांदळाच्या पिठाचं परतलेलं प्रकरण असतं आणि त्यात अंडं असतं. काया टोस्टवरचा गोड काया जॅम नारळाचा असतो, पण अंड्याचाही असतो. तेव्हा 'व्हेजिटेरियन' एवढंच न म्हणता मोजून सांगा: नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग.

मग खायचं काय? टेक्का सेंटरला थोसाई, म्हणजे आपला डोसा. प्रत्येक भागात असणारा रोटी प्राटा, म्हणजे पराठाच. साधा हवा तर 'प्राटा कोसोंग' म्हणा आणि सोबत डाळ मागा, नाहीतर माशाची किंवा चिकनची करी ओततात. चिनी शाकाहारी गाळेही असतात. तिथे दिसणारं मटण-बदक सोयाबीन आणि मैद्याचं असतं. आईला ते बघूनच शिसारी येईल, तर तिला भाज्या आणि टोफू दाखवून मोजून घ्या. गोडात चेंडोल: नारळाचं दूध, गूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया. कोकणातल्या माणसाला ते पहिल्या चमच्यात ओळखीचं वाटतं. घरचं जेवण हवंच असेल तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७पासून, केळीच्या पानावरच्या जेवणासाठी.

आता चहा. यावर मी स्वतंत्र लिहू शकेन. नुसता 'तेह' मागितला तर कंडेन्स्ड मिल्कचा, दात शिवशिवतील इतका गोड चहा येतो. 'ओ' म्हणजे बिनदुधाचा. 'सी' म्हणजे एव्हॅपोरेटेड दुधाचा. 'कोसोंग' म्हणजे साखर नको, 'सिउ दाई' म्हणजे साखर कमी, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. 'हालिया' म्हणजे आलं. कॉफीला 'कोपी' म्हणतात, बाकी व्याकरण तेच. तर आपल्या घरच्या चहाच्या जवळ जाणारी गोष्ट हवी असेल तर भारतीय मुस्लिम गाळ्यावर जाऊन म्हणायचं, "अंकल, तेह सी हालिया, सिउ दाई." माझ्या सासऱ्यांनी हे हातावर पेनने लिहून पाठ केलं. गाळेवाल्याने दोन पेल्यांत हातभर उंचावरून चहा ओढला, फेस आणला आणि समोर ठेवला. सासरे एक घोट घेऊन म्हणाले, "आलं कमी आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

एसीतल्या रेस्टॉरंटमध्ये मेनूवर किमतीपुढे '++' दिसलं तर त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि ९ टक्के जीएसटी चढणार हे गृहीत धरा. टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले नॅपकिन बिलात असू शकतात. नको असतील तर परत द्या, कुणी रागावत नाही. टिप द्यायची पद्धत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली सोबत ठेवा, पाण्यावर पैसे घालवू नका.

दिवस कसा कापायचा

विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटर. बारा महिने उकाडा आणि बारा महिने पाऊस, डिसेंबर-जानेवारीत जास्त. पाऊस आपल्यासारखा दिवसभर लागून राहत नाही, दुपारी तासभर कोसळतो आणि जातो. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. पहाटे सहाला फिरायला निघायची सवय असलेले बाबा काळोख बघून चक्रावतात.

म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी साडेसात ते अकरा बाहेर. अकरा ते चार छपराखाली: संग्रहालय, मॉल, नाहीतर सरळ हॉटेलवर वामकुक्षी. चारनंतर रात्रीपर्यंत पुन्हा बाहेर. टूरच्या बसगाड्या बरोबर उलटं करतात, दुपारी एकला मर्लायनच्या पुतळ्यासमोर उतरवतात आणि फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात.

पहिल्या सकाळी बोटॅनिक गार्डन्स. १८५९ची बाग, २०१५पासून जागतिक वारसा, प्रवेश फुकट. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे, आणि आईला फुलांची आवड असेल तर ते जरूर काढा.

त्याच संध्याकाळी माझा ठरलेला पायी रस्ता. पाच वाजता सिटी हॉल स्टेशन. बाहेर आलं की पदांग, मोठं हिरवं मैदान. ५ जुलै १९४३ला सुभाषबाबूंनी इथे आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली आणि 'चलो दिल्ली'चा नारा दिला. समोरच्या एस्प्लनेड पार्कमध्ये, झाडाखाली, एक खूणशिला आहे. आझाद हिंद सेनेच्या अज्ञात सैनिकाचं स्मारक इथे १९४५मध्ये उभारलं होतं. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडलं. १९९५मध्ये त्या जागी ही शिला बसवली. टूरच्या बसगाड्या इथे थांबत नाहीत. माझ्या बाबांनी चप्पल काढून हात जोडले, बाजूने जॉगिंग करणारी एक चिनी मुलगी जरा हळू झाली आणि पुढे गेली.

तिथून पाण्याकडे चालत, ज्युबिली पूल ओलांडून मर्लायन. अर्धा सिंह, अर्धा मासा, साडेआठ मीटरचा, १९७२चा. दहा मिनिटं पुरे. परत फिरून ड्युरियन फळाच्या सालीसारख्या काटेरी छताच्या एस्प्लनेड थिएटरवरून हेलिक्स पूल, पलीकडे मरिना बे सँड्स हॉटेल, त्याच्या मागे गार्डन्स बाय द बे ही मोठी बाग. पाऊण-एक तास लागतो, बसायला जागा भरपूर. तिथल्या सुपरट्री या कृत्रिम झाडांचा प्रकाश आणि संगीताचा खेळ ७:४५ला आणि ८:४५ला असतो, फुकट. जमिनीवर सरळ आडवं पडून बघायचा, सगळे तसेच बघतात. मग परत पाण्याकाठी येऊन नऊचा कारंज्यांचा खेळ, तोही फुकट. निघण्याआधी त्या दिवशी खेळ आहे ना, ते साइटवर बघून घ्या, अधूनमधून देखभालीसाठी बंद असतो.

क्लाउड फॉरेस्ट आणि फ्लॉवर डोम या काचेच्या दोन बागांना तिकीट आहे. एकच परवडत असेल तर क्लाउड फॉरेस्ट. मरिना बे सँड्सच्या गच्चीवर मी पाहुण्यांना पाठवत नाही, कारण तिथून सगळं दिसतं पण तीच इमारत दिसत नाही. उंचावरून शहर बघायचंच असेल तर 'पिनॅकल ॲट डक्सटन'ला जा. ही सरकारी घरांची पन्नास मजली वसाहत आहे, किरकोळ तिकिटात वरच्या पुलावर सोडतात. सामान्य माणसाला सरकार कुठे राहायला देतं ते वर जाताजाता दिसतं, आणि म्हाडाच्या सोडतीत दहा वर्षं नंबर लावणारे आपले लोक वर पोचेपर्यंत गप्प झालेले असतात.

दुसरा दिवस देवळांचा आणि गल्ल्यांचा. सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मन, पुढे श्रीनिवास पेरुमाळ. दुपारी देवळं काही तास बंद असतात, सकाळी किंवा संध्याकाळी जा. टेक्काला जेवून चालत कॅम्पाँग ग्लाम, सोनेरी घुमटाची सुलतान मशीद आणि बाजूच्या अरुंद हाजी लेनची रंगवलेली दुकानं. संध्याकाळी चायनाटाउन. तिथलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ म्हणजे १८२७चं श्री मारिअम्मन. चिनी वस्तीत तमिळ देवी आणि त्याच रस्त्यावर मशीद, शंभरेक पावलांत.

तिसरा दिवस मुलं असतील तर सेंटोसा बेट, नसतील तर मांडाई. सेंटोसावरचा युनिव्हर्सल स्टुडिओ सहा-सात वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्या आजोबांना सारखाच दमवतो. तिथे पैसे घालण्यापूर्वी कोण कुठल्या पाळण्यात बसणार ते आधी मोजा. सेंटोसाला व्हिवोसिटी मॉलपासून बोर्डवॉकवरून चालतही जाता येतं, फुकट. मांडाईला प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, रिव्हर वंडर्स आणि २०२३मध्ये उघडलेलं बर्ड पॅरडाइज अशी वेगवेगळी तिकिटं आहेत. एका दिवसात दोनच होतात. खातीब स्टेशनवरून शटल बस मिळते.

चौथ्या दिवशी गुडघे साथ देत असतील तर पुलाउ उबिन बेट. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बोट सुटते. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की निघते, आपल्या वडापसारखीच. दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही पन्नास वर्षं मागच्या सिंगापुरात: मातीचे रस्ते, पत्र्याची घरं, भाड्याच्या सायकली, रानडुकरं. रोख पैसे न्या.

दंड

लोक याला फार घाबरतात. कचरा टाकू नका, थुंकू नका, सिगारेट ठरलेल्या जागीच ओढा, सिग्नलला रस्ता ओलांडा. रात्री १०:३० ते सकाळी ७ रस्त्यावर किंवा बागेत दारू पिता येत नाही. एवढंच. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५.

गणपतीच्या दिवसांत येणार असाल तर इथल्या महाराष्ट्र मंडळाचा उत्सव असतो, तारखा बघून या. आरतीला आवाज मुंबईपेक्षा कमी नसतो.

परतताना

एका दुकानात एका दिवशी १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल तर जीएसटी परत मिळू शकतो. खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवा, नंतर काही होत नाही. सामान मोठ्या बॅगेत जाणार असेल तर चेक-इनच्या आधी यंत्रावर नोंद करा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग पट्ट्यावर गेल्यावर आठवणाऱ्यांत आमचे पाहुणे आघाडीवर आहेत.

चांगी विमानतळावरचा ज्वेल मॉल, म्हणजे तो ४० मीटरचा घुमटातला धबधबा असलेला, इमिग्रेशनच्या बाहेर आहे. आत गेल्यावर परत येता येत नाही. विमानाच्या आधी चार-पाच तास पोचा, धबधबा बघा आणि मग आत जा. टर्मिनल चारवरून विमान असेल तर बसने जायला आणखी वेळ धरा.

ईझी-लिंक कार्डात पैसे उरले तरी फेकू नका. ते बरीच वर्षं चालतं, पुढच्या जाणाऱ्याला द्या. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता अशी सहा आहेत, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव लिहिलेलं. 'आई' लिहिलेल्या कार्डावर तीन डॉलर वीस सेंट शिल्लक आहेत, आणि आईने फोनवर दोनदा विचारलंय की ते कुणी वापरलं तर नाही ना.